आजारपण आणि ब्रेक एकाच महिन्यात आले असतील तर आधी तारखा बघा (लांबलचक आहे, सवडीनं वाचा)

भाऊ, तुमचं वाचता वाचता माझा चहा गार झाला. काँट्रॅक्टरनं ब्रेक दिला (म्हणजे कामावरून कमी केलं), त्याच्या दहा दिवस आधीपासून टायफॉइड, रूम सोडून परभणीकडं गावी आलात आणि आता विचारायलात की ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) आजाराचा फॉर्म आधी भरू का बेकारीचा, दोन्ही पैसे मिळतेत का, आणि खात्यावर किती दिवसात पडतेत. 2022 ला मी सेम ह्याच जागी होतो. फक्त टायफॉइडच्या जागी कावीळ आणि परभणीच्या जागी जालन्याकडचं अंबड.

आयपी नंबर (आपला कामगार विम्याचा नंबर), पोर्टलचं लॉगिन, आधार लिंक हे तुमचं झालेलं असेलच, त्यात वेळ घालवत नाही. आणि मी काय वकील नाही, युनियनचा माणूस पण नाही, प्रेस शॉपवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळं मी सांगतो ते एकदा तपासून घ्या. नियम बदलत राहतेत. बेकारीची जी योजना आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, ती जुलै 2018 पासून आहे पण मुदतवाढीवर मुदतवाढ अशी चाललेली आहे, म्हणून तुमच्या तारखेला ती चालू आहे का हे आधी बघा.

आता माझं काय झालं ते. पोळ्याच्या आठवडाभर आधी, 20 ऑगस्टला, मी अंगावर काढून काढून शेवटी झोपलो. डोळे हळदीसारखे. रूमवरच्या पोरांनी गाडीवर घालून गावी आणून सोडलं. आमच्याकडं कावीळ म्हणलं की दवाखान्याच्या आधी झाडपाला, तुम्हाला माहितच आहे. शेजारच्या गावात एक म्हातारबा औषध देतेत, तीन रविवार गेलो, पथ्य पाळलं, मधी एकदा अंबडला प्रायव्हेट डॉक्टरला दाखवलं, त्यानं दोन सलाइन लावल्या आणि चिठ्ठीवर गोळ्या लिहून दिल्या. बिल मागितलं नाही. चिठ्ठी पण पावसात भिजून गेली. ईएसआयच्या दवाखान्यात जायचं डोक्यातच आलं नाही, कारण 31 ऑगस्टला सुपरवायझरचा फोन आला की तुझा ब्रेक झाला, आणि मी समजलो नोकरी गेली म्हणजे ईएसआयचं कार्ड पण गेलं.

ही पहिली चूक, आणि ही बहुतेक सगळेच करतेत. कार्ड लगेच जात नाही. ऑक्टोबर ते मार्च ह्या सहा महिन्यात तुमच्या पगारातून ईएसआयचे हप्ते कापले गेले असतील आणि त्यात किमान 78 दिवस भरले असतील तर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये आजारी पडलात तर आजाराचे पैसे मिळतेत. एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यांवर पुढचा जानेवारी ते जून. मधी नोकरी सुटली तरी हा हिशोब तसाच राहतो, कारण पैसे आधीच कापलेले आहेत तुमचे. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर म्हातारबाच्या औषधासोबत दवाखान्याची चिठ्ठी पण घेतली असती.

12 सप्टेंबरला थोडं चालता यायला लागलं तसा एसटीनं शहरात ईएसआयच्या दवाखान्यात आलो. दवाखान्यातल्या मॅडम चांगल्या होत्या, तपासलं, रक्त घेतलं आणि त्या दिवसापासून सर्टिफिकेट सुरू केलं. मी म्हणलं मॅडम 20 ऑगस्टपासून लिहा ना, तर म्हणल्या मागची तारीख मी टाकू शकत नाही, प्रायव्हेटचे कागद असतील तर आण, पर्यायी पुरावा म्हणून पुढं पाठवता येईल. कागद कुठून आणू? झाडपाल्याला काय जीएसटीचं बिल असतंय का. गेले ते 23 दिवस.

तर भाऊ, तुम्ही आजही अंथरुणात असाल तर माझं बाकीचं वाचायच्या आधी कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या ईएसआयच्या दवाखान्यात नाहीतर ईएसआयनं नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडं जा. गावातल्या डॉक्टरचा केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, मेडिकलचं बिल, सगळं पिशवीत घाला. विडालचा (टायफॉइडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट असेल तर तो सगळ्यात वर ठेवा. आणि सर्टिफिकेट एकदा घेऊन भागत नाही, पुढचं पुढचं घेत राहावं लागतं आणि शेवटी फिटनेसचं. मधी चार दिवसाचं भगदाड पडलं तर ते चार दिवस तुमचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्याच दिवशी मी एका ऑफिसच्या खिडकीवर गेलो. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, उगं लफडं नको, आणि आता तिथं तो माणूस असेल का ते पण माहीत नाही. मी विचारलं साहेब आजारी पण आहे आणि ब्रेक पण झालाय, काय भरू? त्यानं वर न बघता म्हणलं, "नोकरीच नाही तर आजाराची रजा कशाची? बेकारीचा भर." मी भरला. 30 दिवस बेकार राहिल्याशिवाय तो क्लेम होत नाही आणि पुढच्या तारखांचा आगाऊ पण करता येत नाही, म्हणून 90 दिवस पूर्ण होऊ दिले आणि 1 सप्टेंबर ते 29 नोव्हेंबर अशा तारखा टाकून डिसेंबरच्या सुरुवातीला प्रिंट जमा केली. मधी दवाखान्यातल्या मॅडमनी विचारलं आजाराचा क्लेम टाकलास का, तर मी म्हणलं नाही, तर त्या म्हणल्या अरे तुझा हक्क आहे, टाक. म्हणून मी तो पण टाकला, 12 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर. 5 ला दसरा होता, 6 पासून फिट.

झालं. दोन्ही क्लेममध्ये 24 दिवस सारखे. आणि नियम असा आहे की एकाच काळासाठी आजाराचे आणि बेकारीचे असे दोन पैसे मिळत नाहीत. नियम बरोबरच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मला वाटलं होतं की फार तर 24 दिवसाचे कापून घेतील आणि बाकीचे देतील. तसं होत नाही भाऊ. दोन्ही फाइली अडकल्या. ह्या टेबलवर गेलो की तिकडचं क्लिअर करून आण, त्या टेबलवर गेलो की इकडचं. आणि मी अंबडवरून एसटीनं येणारा माणूस, सकाळची गाडी चुकली की साहेब जेवायला गेलेले, जेवून आले की सर्व्हर डाउन. आठ चकरा मारल्या. दिवाळी तर आधीच कोरडी गेलती, परतीच्या पावसानं घरचं सोयाबीन पण गेलतं, आणि मला स्टँडवर वडापाव घ्यायला पण हिशोब करावा लागायचा. एकदा तर त्याच खिडकीवाल्यानं मला विचारलं, "दोन्ही कशाला भरले, कुणी सांगितलं तुला?" मी काय बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. आज पण आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी एका शिकलेल्या पोरानं, आमच्याच गावचा, एका कागदावर हिशोब करून दाखवला तेव्हा समजलं मी किती येडा होतो. आजाराचे पैसे रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के मिळतेत. बेकारीचे 50 टक्के. आणि बेकारीची सरासरी काढायची रीत वेगळी आहे, मागच्या चार हप्ता-कालावधीची (एक कालावधी सहा महिन्याचा), म्हणजे दोन वर्षाची सगळी कमाई भागिले 730. म्हणजे रविवार, सुट्ट्या, मधले ब्रेक, सगळे दिवस भागाकारात. माझी दोन वर्षाची कमाई 2,92,000 होती, भागिले 730 म्हणजे 400, त्याचे अर्धे 200 रुपये रोज. आणि आजाराचा दर बसला 392 रुपये रोज. म्हणजे जे दिवस मी अंथरुणात होतो ते दिवस 392 चे होते आणि मी खिडकीवाल्याचं ऐकून ते 200 ला विकायला निघालो होतो. आणि बेकारीचे 90 दिवस आयुष्यात एकदाच मिळतेत, ते पण त्यात जळत होते.

मग बेकारीचा जुना अर्ज मागं घेतोय असं लेखी दिलं, त्याची पोच घेतली, आणि नवीन अर्ज 6 ऑक्टोबरपासून टाकला. 12 डिसेंबरला मला शेंद्रा एमआयडीसीत काम लागलं म्हणून 11 डिसेंबरपर्यंतच, 67 दिवस, 13,400 रुपये. काम लागलं हे लपवू नका बरं का, नवीन कंपनीचा हप्ता पडला की कॉम्प्युटरला दिसतंच. आजाराचे 24 दिवस, त्यातले पहिले दोन दिवस धरत नाहीत, राहिले 22, त्याचे 8,624. वेळेवर दवाखान्यात गेलो असतो तर 17,640 झाले असते.

आता तुमचा प्रश्न, पैसे किती दिवसात. कागदावर बेकारीचा क्लेम मिळाल्यापासून 15 दिवसात द्यायचा असतो. माझे आजाराचे 2 फेब्रुवारीला आले आणि बेकारीचे 14 मार्चला. म्हणजे ज्या घरभाड्यासाठी आणि किराण्यासाठी ते पैसे होते ते सगळं उसनवारीनं भागवून झाल्यावर. माझं स्पष्ट मत आहे, ह्या पैशावर भरवसा ठेवून कुणाला तारखेचा शब्द देऊ नका. सावकाराला तर नाहीच. पण ज्याच्या तारखा साफ आहेत त्याचे लवकर येतेत, माझ्या साडूचे वीस-बावीस दिवसात आलते, हे पण खरं आहे.

अजून एक भानगड जी तुमच्याकडं पण असू शकते. काँट्रॅक्टर दर महिन्याला ईएसआयचा भरणा करताना ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढं कारण टाकतो. माझ्यापुढं त्यानं सप्टेंबरला पण "रजेवर" टाकलं होतं. म्हणजे सिस्टीमच्या हिशोबानं मी नोकरीतच! पीएफला मात्र 31 ऑगस्टची एक्झिट डेट टाकलेली. आता एक खातं म्हणतंय हा गेला, दुसरं म्हणतंय रजेवर आहे, मग कोण पैसे देईल? काँट्रॅक्टरच्या मुनीमाला सतरा फोन केले. भांडून काय होत नाही त्याच्याशी, त्याचा राग नका घेऊ, गोड बोलून कारण दुरुस्त करून घ्या आणि दोन्हीकडं तारीख एकच आहे का बघा. राजीनाम्यावर सही मागितली तर मात्र करू नका. मनानं सोडली असं कागदावर आलं की बेकारीच्या क्लेमला अडचण. ब्रेक दिलाय तर ब्रेक दिला असंच लिहायला लावा.

नवीन काँट्रॅक्टर आला की तो नवीन आयपी नंबर काढायला बघतो, त्याला ते सोपं पडतं. जुना नंबरच द्या. दोन वर्ष हप्ते भरलेले पाहिजेत ही अट आहे, आणि नोकरी जायच्या लगेच आधीच्या सहा महिन्याच्या कालावधीत 78 दिवस, अधिक बाकीच्या तीनपैकी एकात 78 दिवस. नंबर बदलला की हे सगळं वाटलं जातं आणि कशातच बसत नाही. आमच्या लाइनवरच्या एका पोराचे तीन नंबर निघाले, त्याला एक रुपया मिळाला नाही.

कंपनीच बंद पडलेल्यांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी आहे, तिच्यात जास्त महिने मिळतेत, पण आपल्या ब्रेकवाल्यांचा तिच्याशी संबंध नाही, कुणी त्यात अडकवायला लागला तर वेळ घालवू नका. आणि कागद भरून देणाऱ्या एजंटला टक्केवारी देऊ नका. अडलं तर 1800112526 हा टोल फ्री नंबर आहे, लागायला वेळ लागतो पण लागतो. सरकारी तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकली तर फाइल हलते, माझी त्यानंतरच हलली, नाहीतर मी अजून पण चकरा मारत असतो. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून तिच्यावर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर तिथंच उभं राहा, हलू नका.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो. ज्या दिवसापर्यंत डॉक्टर आजारी म्हणतोय तोपर्यंत फक्त आजाराचा क्लेम. फिटनेसच्या दुसऱ्या दिवसापासून बेकारीचा. मधी एक पण दिवस एकमेकावर चढू देऊ नका. बेकारीच्या क्लेमला नोकरी गेल्यापासून वर्षभराची मुदत असते, त्यामुळं घाई करून माझ्यासारखं आधी भरू नका.

एवढ्या चार तारखा इथं लिहा: ताप कधी आला, पहिलं सर्टिफिकेट कधीचं, ब्रेक कधी, मागच्या ऑक्टोबर ते मार्चमध्ये किती दिवस भरले. आयपी नंबर मात्र सगळ्यांसमोर टाकू नका. ह्या आठवड्यात माझी नाइट आहे, उत्तर दुपारी चारनंतरच देईन. आणि टायफॉइड आहे तर अजून पंधरा दिवस मिरचीचं बंद ठेवा.