500 वॉटच्या अँप्लिफायरला 8 गेजची वायर पुरेल का?

तुम्ही विचारलंय की हॅचबॅकच्या डिकीत 500 वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरचा) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अँप्लिफायर बसवायचाय आणि दुकानदार 8 गेजचं किट देतोय, तर घ्यावं का. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. 4 गेज टाका (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड), आणि तीही शुद्ध तांब्याची.

खोक्यावरचा 'मॅक्स पॉवर'चा आकडा विसरा, हिशोब आरएमएसवरच करायचा. क्लास डीची कार्यक्षमता साधारण 80 टक्के धरली तर 500 वॉट बाहेर काढायला 625 वॉट आत लागतात. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट मिळतात असं धरा, म्हणजे भर आवाजात झाले 45 अँपिअर. (कमी कार्यक्षमतेचा क्लास एबी असता तर हाच आकडा 65च्या पुढे गेला असता.) बोनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत वळणावळणाने 5 मीटर वायर सहज लागते. 8 गेजचं तांबं जेमतेम 8.4 चौरस मिमी. एवढ्या अंतरात ती 0.46 व्होल्ट खाते. 4 गेज 21 चौरस मिमीची, ती 0.18 वर भागवते. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो, पण बास जोरात लागतो नेमका तेव्हाच तो जातो.

आता खरी मेख. स्वस्त किटमधली वायर बहुतेकदा सीसीए असते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. तिची वाहकता तांब्याच्या साठ-पासष्ट टक्केच. दुकानातच टोक सोलायला सांगा, एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत करा. काही वायरींचं रबरच इतकं जाड असतं की 8 गेजही बाहेरून 4 गेजसारखी दिसते, त्यामुळे बाहेरच्या जाडीवर जाऊ नका.

फ्यूजबाबत मात्र कृपा करून तडजोड करू नका. तो अँप्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो, म्हणून बॅटरीपासून 45 सेंमीच्या आतच हवा. इंजिनमागच्या पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट लावून घ्या. पत्र्याच्या धारेने इन्शुलेशन कापलं गेलं आणि फ्यूज डिकीपाशी असला, तर बॅटरीची सगळी ताकद त्या शॉर्टमध्ये जाते आणि गाडी पेट घेऊ शकते. तुमच्या हिशोबाला 60 अँपिअरचा फ्यूज ठीक आहे, तरी अँप्लिफायरच्या माहितीपुस्तकात काय लिहिलंय ते बघा.

अर्थिंगची वायरही 4 गेजचीच, अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळलेली. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू देऊ नका, तो सुरक्षेचा भाग आहे.

आणि बासबरोबर हेडलाइट मंद होत असतील, तर जाड वायरने ते थांबणार नाही. त्यासाठी बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्यावे लागतील.