चढाईपटूची जांघ

ठाणे, गुरुवार रात्र

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझ्या कबड्डीपटू पेशंटबद्दलचा मेसेज दोनदा वाचला. एमआरआयमध्ये प्यूबिक हाडाला, म्हणजे ओटीपोटाखालच्या मधल्या हाडाला, सूज, म्हणून निदान 'ऑस्टायटिस प्यूबिस', आणि पोराची चढाई चार महिने बंद. पण बोट ठेवल्यावर त्याला नेमकं कुठे दुखतं, ते कुठेच नाही.

अशी सूज जांघ अजिबात न दुखणाऱ्या खेळाडूंच्या फिल्ममध्येही सापडते. मीही एकदा एका मुलाला 'स्पोर्ट्स हर्निया' सांगून मोकळा झालो होतो. शब्द भारदस्त, हर्निया मात्र नव्हताच. याच गोंधळापायी 2014 साली 14 देशांतले 24 तज्ज्ञ दोहाला जमले आणि ही दोन्ही नावं त्यांनी बाजूला ठेवली. दुखतं कुठे, त्यावरून नाव द्यायचं ठरलं.

आपली पोरं लाजतात. जांघ म्हणायचं टाळून 'मांडी भरते' म्हणतात. काय करणार ते आधी सांग, विचार, मग हात लाव. मांडीच्या आतल्या स्नायूचं मूळ दाबल्यावर दुखतं का? गुडघ्यांमध्ये मूठ धरून आवळायला लावलंस की तिथेच कळ येते का? दोन्हीला 'हो' आलं तरच अ‍ॅडक्टर, म्हणजे मांडी आत ओढणाऱ्या स्नायूचं दुखणं. जांघेच्या घडीत वर दाबून दुखतं, खोकताना वाढतं, आणि हर्निया हाताला लागत नाही, तर इंग्वायनल, म्हणजे जांघेच्या घडीतलं दुखणं. गुडघा पोटाकडे घेताना तू अडवल्यावर पुढे दुखलं, तर इलिओसोआस, म्हणजे मांडी वर उचलणारा खोलवरचा स्नायू, चाचपून बघ. प्यूबिक म्हणायला त्या प्यूबिक हाडांच्या मधल्या सांध्यावरच दाबून दुखायला हवं. त्याला ताकदीची खास चाचणी नाही. एकाच पोरात दोन-दोन दुखणी असतात, तेव्हा एक मिळालं म्हणून थांबू नकोस. खुबाही फिरवून बघ.

येऊरचा चढ धावणारी एक मुलगी 'स्नायू आखडला' म्हणत आली होती. दुखऱ्या पायावर उडी मारवेना, रात्रीही ठणका. त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे धाडली. खुब्याजवळ मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा होता. फिल्म हवी ती अशा वेळी.

तुझा पेशंट बोनससाठी पाय ताणणारा, त्यामुळे मला अ‍ॅडक्टरचाच संशय आहे. तसं निघालं तर त्याला नुसतं फिजिओथेरपीच्या मशीनवर झोपवू नकोस. 1999 च्या डॅनिश अभ्यासात व्यायाम करणाऱ्या 29 पैकी 23 खेळाडू न दुखता पूर्वीसारखे खेळू लागले. मशीन-मसाजवाल्या 30 पैकी फक्त 4. मात्र 8 ते 12 आठवडे लागतात, हे त्याच्या कोचला पहिल्याच दिवशी सांगून टाक, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तो त्याला मॅटवर उतरवेल.

रविवारी वाशीहून ट्रान्स-हार्बरने दोघंही या. त्याला ढगळ हाफपँट घालायला सांग.