२० पैकी ११ : स्त्रीवादाचा निबंध तपासतात तरी कसा?

निकाल लागले की या सदराचं टपाल बहुतेक एकाच विषयाचं होतं. यंदा पत्रांचा मोठा वाटा स्त्री अभ्यास आणि समाजशास्त्र घेऊन एमए करणाऱ्यांचा आहे. हा पेपर मी पुण्यात बरीच वर्षं शिकवते आणि त्याचे गठ्ठे तपासते, त्यामुळे तक्रारी बहुतेक माझ्याच जातकुळीच्या लोकांविरुद्ध आहेत. तरी उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, आमच्या असाइनमेंटचा विषय होता 'दलित-बहुजन स्त्रियांचे अनुभव आणि स्त्रीवादी भूमिदृष्टी' (भूमिदृष्टी म्हणजे समाजातल्या आपल्या जागेवरून जगाकडे पाहणं). मी माझ्या आईवर लिहिलं. ती लग्न झाल्यापासून ऊसतोडीला जाते, लहानपणी मीही कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, राहिले आहे. मला २० पैकी ११ मिळाले आणि शेरा एकच, 'वर्णनात्मक'. जिने हार्डिंग आणि बटलर या अमेरिकी स्त्रीवादी विचारवंतांचे उतारेच्या उतारे दिले, तिला १६. अनुभव हेच ज्ञान असं वर्गात शिकवायचं आणि तपासताना त्याच अनुभवाला पाडायचं, हा दुटप्पीपणा नाही का? निबंधाची प्रत सोबत जोडते. — एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

थोडा आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात लिहिलं होतं, की आपल्या सामाजिक शास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र अशी उतरंड आहे. लाल पेनातही ती उतरते. बटलरचा उतारा न समजता उतरवला तर तेही वर्णनच असतं, पण तिथे 'वर्णनात्मक' लिहायला परीक्षकाचा हात धजत नाही. न जाणो, मुलीला कळलं असेल आणि आपल्यालाच कळलं नसेल तर! तुझ्या मैत्रिणीचा निबंध मी वाचलेला नाही, म्हणून तिच्या १६ वर याहून जास्त बोलत नाही.

आता तुझा निबंध. पाचव्या पानावर तू लिहितेस की उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आईवडिलांना मिळून मिळते, मजुरांना तोडीला नेणारा मुकादम ती वडिलांच्या हातात ठेवतो, आणि आई आजारी पडून उसाच्या फडात गेली नाही की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, तो दोघांच्या हिशोबातून वळता होतो. हे वाचून मी सरसावून बसले. आणि पुढच्याच ओळीत तू 'आईने खूप सोसलं' असं म्हणून पहाटेच्या चुलीकडे निघून गेलीस! गुण गेले ते इथे.

थांबली असतीस तर काय दिसलं असतं? सत्तरच्या दशकात सेल्मा जेम्स, सिल्विया फेदेरिची वगैरे स्त्रीवादी मंडळी घरकामाचं वेतन मागत होती. कारखान्यात पुरुषाला मिळणाऱ्या पगाराच्या आत बाईचं घरातलं फुकट काम दडलेलं असतं, हा त्यांचा मुद्दा. तुझ्या आईचं घरातलं काम तर दडलेलं आहेच, पण मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणं हे उघड्या फडातलं, मजुरीचं कामही दडलेलं आहे. कारण तिथे हिशोब माणसाचा नसतो, जोडप्याचा असतो. नवराबायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणजे लग्न ही इथे कामावर घेण्याची अट झाली. मुलींची लग्नं लवकर का उरकतात, त्याचं एक कारणही इथेच सापडतं. हे तुझ्या पाचव्या पानावर होतं. तू फेदेरिचीला दुरुस्त करू शकली असतीस, आणि त्या बाई इंग्रजीत लिहितात म्हणून घाबरायचं काही कारण नव्हतं.

दुसरं उदाहरण देते, तेही एका विद्यार्थ्याचंच. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही चाली तेव्हा सगळ्यांना माहीत होत्या, त्यांच्या वर्णनांनी पुस्तकं भरलेली होती. आंबेडकरांनी प्रश्न विचारला : जातीतल्या जातीत लग्न टिकवायचं तर नवरा मेल्यावर 'जास्त' ठरलेल्या बाईचं आणि बायको मेल्यावर 'जास्त' ठरलेल्या पुरुषाचं करायचं काय? त्याबरोबर तिन्ही चाली एका सूत्रात आल्या. बाईला जाळा किंवा विधवा ठेवा, आणि पुरुषाला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्या. जात टिकते ती बाईवरच्या ताब्यातून, हे स्त्रीवादी अभ्यासकांना पुढे ज्या निबंधात सापडलं, तो असा वर्गात वाचलेला आहे. तपशील जुना असेना, त्याला विचारलेला प्रश्न तुझा हवा.

आणि 'अनुभव हेच ज्ञान' असं कुणी शिकवलं असेल तर अर्धवट शिकवलं. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला १९९८चा लेख पुन्हा काढ. भूमिदृष्टी जन्माबरोबर मिळत नाही, ती संघर्षातून आणि विचारातून घडवावी लागते, आणि म्हणूनच इतरांनाही तिच्याकडे येता येतं, असं त्यात आहे. तुझ्या निबंधाला मी १४ दिले असते. पाचव्या पानावर थांबली असतीस तर १७.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलीला या विषयात १३ गुण मिळाले. गणितात उत्तर बरोबर किंवा चूक असतं. इथे मत तपासायचं, तर १३ की १४ हे ठरवतं कोण? — एक पालक, सांगली

१३ आणि १४ मधला फरक कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. १० आणि १४ मधला मात्र सांगता येतो, आणि विद्यार्थ्याने विचारला तर सांगता आलाच पाहिजे.

मी २० गुण असे फोडते : दावा काय आहे आणि तो शेवटपर्यंत नेला का, याला ६. नेमलेला लेख नीट वाचला का, म्हणजे लेखिका जे म्हणाली तेच तिच्या तोंडी घातलं का, याला ६. पुरावा आणि उदाहरणं यांना ५. बांधणी, भाषा, संदर्भ यांना ३. हा कागद विषयाबरोबरच मुलांच्या हातात जातो. मताला यात रकाना नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

गठ्ठा आधी पेन न उचलता वाचायचा. मग गुण. शेवटी वरचे काही निबंध पुन्हा काढून बघायचे, कारण सुरुवातीला हात आखडता असतो आणि पुढे कंटाळ्याने सैल होतो. आणि नाव पहिल्या पानावर लिहायचं नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत नाव झाकलेलं असतं, पण अंतर्गत असाइनमेंटवर ते ठसठशीत असतं, आणि महाराष्ट्रात आडनाव कळलं की बरंच काही कळल्यासारखं वाटतं. माझ्या वर्गात रोल नंबर फक्त, तोही शेवटच्या पानावर. सँड्रा हार्डिंग म्हणतात की आपण कुठूनच बघत नाही असं सोंग घेण्यापेक्षा कुठून बघतो ते तपासलं तर वस्तुनिष्ठता वाढते. परीक्षकालाही ते लागू आहे, पण मान्य करवून घ्यायला विभागाच्या बैठकीत घसा कोरडा होतो.

राहता राहिला तो एक गुण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दहा बिंदूंच्या श्रेणीत, सर्वोत्तम 'ओ'पासून नापास 'एफ'पर्यंत, तो बहुतेक वेळा विरघळून जातो. नेमका श्रेणीच्या काठावर असेल तर झोंबतो, हे खरं.

प्रश्न : मला स्त्रीवाद पटत नाही. प्रामाणिकपणे तसं लिहिलं तर गुण कापाल का? — एक विद्यार्थी, नाशिक

नाही. पण कुणाचं पटत नाही, ते लिहावं लागेल. 'आता सगळे कायदे बायकांच्याच बाजूचे आहेत' हे वाक्य माझ्याकडे दरवर्षी येतं. कोणता कायदा, कोणतं कलम, ते कोर्टात कसं वापरलं जातं, यातलं काहीही पाठोपाठ येत नाही. गुण त्यासाठी जातात. पटणाऱ्यांचीही गत वेगळी नाही हो! 'अनादि काळापासून स्त्रीवर अन्याय होत आला आहे' अशी सुरुवात दिसली की मी समासात लिहिते : कोणत्या स्त्रीवर, कुठे, केव्हा? गुळमुळीत होकार देणाऱ्यांचे गुण तुझ्याआधी जातात.

असहमती कशी मांडायची हे शिकायला आपल्याकडचाच एक वाद वाच. रेगे यांच्या त्या लेखाला १९९९ मध्ये छाया दातार यांनी त्याच साप्ताहिकात लेख लिहून हरकत घेतली. दोघी महाराष्ट्रातल्या, दोघी स्त्रीवादी. दातारांच्या मते या मांडणीत निसर्ग, उपजीविका आणि विकासाच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होत होतं. रेगे यांनी २००० मध्ये उत्तर दिलं. दोघींपैकी कुणाच्याही बाजूने लिही, दोघींना खोडून काढ, मला चालेल. फक्त खोडण्याआधी समोरचीचा मुद्दा तिला मान्य होईल अशा शब्दांत मांड. हे जमलं तर लेख नीट वाचल्याचे सहाच्या सहा गुण तुला मिळतील आणि मला तुझं पटलेलं नसेल.

प्रश्न : मराठीतून लिहिलं की निबंध 'सिद्धांताचा' वाटत नाही, असं आमचे सर म्हणतात. — एक विद्यार्थिनी, लातूर

सरांना १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी मराठीत लिहिलेलं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक वाचायला द्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येची शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी त्यावरून समस्त बाईजातीला धारेवर धरलं, आणि ताराबाईंनी उलट विचारलं की जे दोष बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत काय? एका घटनेवरून निघून धर्मशास्त्रापर्यंत जाऊन भिडणारा तो युक्तिवाद आहे. त्याला सिद्धांत म्हणायचं नाही तर कशाला? त्यांची बाजू जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या आपल्या 'सत्सार'मध्ये घेतली, आणि नंतर ताराबाईंचं पुस्तक असं विस्मरणात गेलं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा काढेपर्यंत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

अडचण खरी आहे ती वेगळी : वाचायचं इंग्रजीत आणि लिहायचं मराठीत. संकल्पना पहिल्यांदा येईल तिथे ती आपल्या वाक्यात उलगडा आणि लगेच एक उदाहरण द्या. पारिभाषिक शब्दांची माळ ओवू नका. ती इंग्रजीत जितकी पोकळ असते तितकीच मराठीतही.

प्रश्न : चॅटजीपीटीने लिहिलेला निबंध ओळखू येतो का? — नाव नको

दर वेळी नाही. पण 'एकीकडे, दुसरीकडे' करत कुठेच न पोचणारा निबंध माणसाने लिहिला असला तरी मी त्याला १० च्या वर जाऊ देत नाही. आणि नसलेल्या लेखाचा संदर्भ सापडला तर आपण समोरासमोर बोलतो.

प्रश्न : गुण पटले नाहीत तर नेमकं काय करायचं? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

विद्यापीठाची परीक्षा असेल तर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागा, मुदत संपायच्या आत. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराखाली येणारी 'माहिती' आहे आणि ती पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. झेरॉक्स वाचल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नका. अंतर्गत असाइनमेंट असेल तर शिक्षकांकडे जाताना 'गुण कमी का' असं विचारू नका. आपल्या निबंधातली एक जागा दाखवा आणि विचारा, 'इथे मी काय म्हणायला हवं होतं?' त्यांना सांगता आलं तर पुढच्या सेमिस्टरला उपयोग होईल. सांगता आलं नाही तर विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या.