आधी स्क्रीन लावणाऱ्या मुलीकडे बघा

प्रश्न : मी वर्ध्याजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. सतरा वर्षांखालच्या मुलींना यंदा बास्केटबॉलमधला पिक अँड रोल शिकवला : सेंटर, म्हणजे आमची उंच मुलगी, बॉल हाताळणाऱ्या गार्डच्या डिफेन्डरच्या वाटेत उभी राहते (स्क्रीन) आणि मग बास्केटकडे वळते (रोल). सरावात छान जमतो. जिल्हा स्पर्धेत मात्र आमच्या सेंटरवर मूव्हिंग स्क्रीनच्या, म्हणजे हलत हलत अडवल्याच्या, शिट्ट्या वाजत राहिल्या. ती फार घाई करते. शिट्टी वाजली नाही, तर समोरची मुलगी स्क्रीनच्या खालून, बास्केटच्या बाजूने निघून जायची आणि पुन्हा आमच्या गार्डसमोर उभी. गार्डचा लांबून नेम नाही. काय बदलू?

उत्तर : मॅडम, घाई तुमच्या सेंटरची नाही, गार्डची असणार. सेंटर धावत येते, अजून पाय रोवते आहे, तोवर गार्डने ड्रिबल मारत वळण घेतलेलं असतं. मग सेंटर सरकत सरकत डिफेन्डरला अडवायला जाते आणि पंच हात वर करतात. फाऊल सेंटरच्या नावावर लागतो, बॉल समोरच्यांना मिळतो, आणि आपण बाकावरून त्याच पोरीवर ओरडतो. मला हे बघवत नाही.

नियम त्या दोघींनाही नीट समजावून सांगा. धक्का लागतो त्या क्षणी स्क्रीन लावणारी स्थिर हवी, दोन्ही पाय जमिनीवर हवेत. डिफेन्डरला ती दिसत असेल तर अंगाला न लागता कितीही जवळ उभी राहू शकते. पाठीमागून येत असेल तर एका सामान्य पावलाची जागा सोडायची. डिफेन्डर धावत असेल, तर तिला थांबता किंवा वळता येईल इतकं अंतर लागतं, एक ते दोन पावलांचं. सेंटरने पूर्ण वेगात यावं, दोन्ही पायांवर एकदम थांबावं, हात छातीशी घ्यावेत. गार्डने त्या दोन पावलांचा आवाज ऐकेपर्यंत निघायचंच नाही. तोवर उलट्या दिशेला एखादं पाऊल टाकून डिफेन्डरला स्क्रीनसमोर आणून ठेवावं आणि मग खांदा सेंटरच्या कमरेला घासत जावं. मध्ये फट राहिली की डिफेन्डर तिथूनच निसटते.

आता खालून जाणाऱ्या डिफेन्डरचं. तुमच्या मुली स्क्रीन 3 गुणांच्या रेषेबाहेर लावत असतील. ती रेषा बास्केटपासून 6.75 मीटरवर, तिथून तुमची गार्ड मारत नाही हे समोरच्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. मग त्यांनी स्क्रीनशी झगडायचं कशाला? स्क्रीन खाली आणा, फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्याजवळ. ती लाइन बोर्डापासून 4.6 मीटरवर आहे आणि तिथून मारायचा सराव प्रत्येक मुलीला असतोच. आता डिफेन्डर खालून गेली तर गार्डने स्क्रीनच्या मागे थांबून शॉट घ्यायचा. दुसरा उपाय : सेंटरने रोल न करता तिथल्या तिथे वळून, बास्केटकडे पाठ करून दुसऱ्या बाजूला पुन्हा स्क्रीन लावायचा. डिफेन्डर एकदा खालून आली, लगेच दुसऱ्यांदा तिला तेवढं अंतर कापता येत नाही. या दुसऱ्या स्क्रीनवर सरावाचा बराच वेळ घाला. शॉट घ्यायला मिळणाऱ्या 24 सेकंदांत तो सहज बसतो.

रोल शिकवताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो : सेंटरची नजर बॉलवरून हलता कामा नये. बॉलकडे पाठ करून बास्केटकडे पळणाऱ्या मुलीला पास देताच येत नाही. बॉलकडे तोंड ठेवून वळायचं, स्वतःच्या डिफेन्डरला पाठीवर घ्यायचं, पंजा उघडा दाखवायचा. गार्डचा पास बाऊन्स, म्हणजे जमिनीवर टप्पा देऊन, असावा, दोन डिफेन्डरच्या मधल्या फटीतून.

समोरच्यांनी स्विच केलं, म्हणजे दोन डिफेन्डरनी आपापली मुलगी बदलली, तर बुटकी मुलगी तुमच्या सेंटरवर येते. इथे सगळे संघ एकच घोळ करतात : गार्ड तिथूनच उंचावरून पास टाकायला बघते आणि बॉल अडवला जातो. बॉल आधी विंगवरच्या, म्हणजे कोर्टाच्या कडेला उभ्या तिसऱ्या मुलीला द्यावा. तिथून सेंटरला पास द्यायचा कोन मिळतो. दोघी मिळून गार्डवर झडप घालत असतील, तर सेंटरने स्क्रीन पुरा लागण्याआधीच सटकून फ्री थ्रो लाइनवर यावं. तिथे बॉल आला की चार विरुद्ध तीन. 2023 मध्ये डेन्व्हर नगेट्स एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, जिंकले, त्यात मरे गार्ड आणि योकिच सेंटर ही जोडी होती. योकिच त्या मधल्या जागेत बॉल घेतो आणि तिथून पास देतो. सेंटरला पास द्यायला शिकवा, नुसतं ले-अप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन शॉट, मारायला नको.

उरलेल्या तिघींविषयी तुमच्या पत्रात काही नाही, म्हणून माझं अर्धं उत्तर तिथेच आहे. रोल करणाऱ्या सेंटरला अडवायला कुणीतरी येतंच, आणि बहुतेक वेळा ती असते पलीकडच्या कोपऱ्यातल्या मुलीची डिफेन्डर. तुमची मुलगी कोपरा सोडून पेंटकडे, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाकडे आली, तर त्या डिफेन्डरला एकाच जागी उभं राहून दोघींना सांभाळता येतं. कोर्ट 15 मीटर रुंद आहे. ती रुंदी वापरायची तर कोपऱ्यातल्या मुलीने हलायचं नाही. विंगवरचीने मात्र रोल सुरू होताच वर सरकावं, म्हणजे गार्डला मागे पास द्यायला वाट राहते. बॉल हातात असताना गार्डने रोलरकडे बघायचं खरं, पण डोळ्यांच्या कडेने ती कोपऱ्यातली डिफेन्डर टिपायची. ती आत आली, बॉल कोपऱ्यात. ती आली नाही, बॉल रोलरला. माझ्या मते सगळा पिक अँड रोल या एका मुलीच्या दोन पावलांवर ठरतो.

सरावात छान जमतं म्हणता, कारण सरावात डिफेन्डरला काय करायचं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. दोनास दोन खेळवा आणि गार्डच्या पाठीमागे उभ्या राहून बोटांनी डिफेन्डरना खूण करा : एक बोट म्हणजे खालून, दोन म्हणजे स्विच, तीन म्हणजे झडप. नंतर तीनास तीन, कोपरा धरून. एका दिवसात तिन्ही खुणा कोंबू नका. आठवडाभर एकाच खुणेवर राहिलात तरी चालेल. मुली चुकल्या की खेळ थांबवून उत्तर सांगू नका, "तुला काय दिसलं?" एवढंच विचारा.

प्रश्न : मडगावला बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. त्यांना बॉल स्क्रीन कधी सुरू करावा?

उत्तर : आत्ता नको. या वयात स्क्रीन आणला की दहाही पोरं बॉलभोवती जमतात. दोन्ही हातांनी ड्रिबल, मान वर, पास देऊन लगेच बास्केटकडे कट, एवढं पक्कं होऊ द्या. पास देऊन कट करणाऱ्याला पुढे रोल दोन दिवसांत येतो.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे, साताऱ्याला खेळते. उंच असल्यामुळे सर मला फक्त स्क्रीन लावायला सांगतात. बॉल मिळत नाही, नाव गार्डचं होतं. मी काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एनबीएमधल्या यूटा जॅझ संघाच्या स्टॉक्टन (गार्ड) आणि मलोन यांचे जुने सामने शोधून बघ. प्रशिक्षक जेरी स्लोन होते. पिक अँड रोल येणार हे अख्ख्या मैदानाला माहीत असायचं, तरी तो थांबवता यायचा नाही. स्टॉक्टनचे 15,806 असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट झाला असे पास, आजही एनबीएचा विक्रम आहेत, आणि त्यातले कितीतरी मलोनच्या हातात गेले, जो स्वतः स्क्रीन लावायचा. त्याचे गुण 36,928. बघताना बॉल सोडून फक्त मलोनचे पाय बघ : तो कधी थांबतो, कधी वळतो, कधी स्क्रीन न लावताच सटकतो. आणि स्टॉक्टनही बघ. जेमतेम सहा फूट एक इंचाचा गार्ड, पण धिप्पाड खेळाडूंना पाठीमागून स्क्रीन लावायला कचरायचा नाही.

तुला स्क्रीनमधूनच बॉल मिळवायचा आहे. तुझी डिफेन्डर गार्डला अडवायला आधीच पुढे सरकलेली दिसली, तर स्क्रीन लावूच नकोस. तिच्या पाठीमागून बास्केटकडे सूट आणि हात वर कर. एकदा असा ले-अप झाला की पुढच्या वेळी ती तुला सोडून जाणार नाही, आणि गार्डला वाट मोकळी मिळेल. गार्डशी सरावाआधी बोल. "मी सटकले तर बघशील ना?" असं स्पष्ट विचार. मैत्रिणींमध्ये हे बोलायला लाजू नकोस.

सरांनाही एक विनंती कर. एनबीए 2016 पासून स्क्रीनमुळे झालेल्या बास्केटचीही नोंद ठेवते, स्क्रीन लावणाऱ्याच्या नावावर. बाकावरच्या एखाद्या मुलीला वही देऊन तुमच्या संघातही तशी नोंद सुरू करता येईल का, ते विचार. सर नाही म्हणाले तर त्यांना हे उत्तर दाखव, आणि पुढच्या स्पर्धेनंतर मला पुन्हा लिही.