ऐकीव माहिती मूल्यमापनात धरावी का?

प्रश्न : मी अंधेरीतील एका खासगी कंपनीत विभागप्रमुख आहे. सध्या वार्षिक अप्रेझलचे काम सुरू आहे. एका सहकाऱ्याची सर्व उद्दिष्टे पूर्ण झाली असून त्याची हजेरीही चोख आहे. परंतु तो नवीन मुलांना काहीच शिकवत नाही, असे माझ्याबरोबर लोकलच्या महिला डब्यातून येणाऱ्या दोघींनी मला सांगितले. ही गोष्ट विचारात घ्यावी, की केवळ आकड्यांवर अहवाल लिहावा?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : केवळ आकड्यांवर लिहिलेला अहवाल निर्दोष असतो, असे मानू नये. एखाद्याने वर्षभरात किती प्रकरणे निकाली काढली हे नोंदींत दिसते. पण किचकट प्रकरणे त्याने शेजारच्या टेबलावर सरकवली असतील, तर ते तिथे दिसत नाही. ते चहाच्या वेळीच कळते. त्यामुळे कानावर आलेली गोष्ट टाकून देऊ नये, मात्र तिच्यापासून चौकशी सुरू करावी. तिला निष्कर्ष समजू नये.

तुमच्या प्रश्नातील लोकलचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याविषयी बोलणे झाले, तो सहकारी त्या डब्यात असूच शकत नाही. तुमच्याबरोबर प्रवास करणाऱ्या दोघींची बाजू तुमच्यापर्यंत रोज पोहोचते. हार्बरने पनवेलला जाणाऱ्याची किंवा मान खाली घालून काम करणाऱ्याची पोहोचत नाही. हा असमतोल कुणी मुद्दाम घडवलेला नसतो, तरीही त्याची किंमत कुणाच्या तरी पगारवाढीतून वसूल होते, म्हणून मला तो अतिशय गंभीर वाटतो.

शिवाय ऐकलेली एक गोष्ट बाकीच्या रकान्यांतही झिरपते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिले होते, की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसाची बुद्धी, शरीरयष्टी आणि नेतृत्व यांना स्वतंत्रपणे गुण देत नाहीत. माणसाविषयीचे एकूण मतच प्रत्येक गुणात उतरते.

तेव्हा या आठवड्यातच नवीन मुलांना एकेकट्याने भेटून, कुणाचेही नाव न घेता, ‘काम शिकताना तुम्हाला कुणाची मदत झाली?’ एवढेच विचारावे. उत्तरांत तारीख आणि प्रसंग असेल तरच ते लिहून ठेवावे. त्यानंतर त्या सहकाऱ्याला बोलावून तो प्रसंग सांगावा आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, ती चांगली असली तरी, त्याला कळवली पाहिजे असे स्पष्ट केले. तो निर्णय तुमच्या खासगी कंपनीला थेट लागू होत नाही. परंतु ज्या शेऱ्याला उत्तर देण्याची संधी माणसाला मिळालेली नाही, तो शेरा लिहू नये, हे तत्त्व तुम्हीही पाळावे असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट तपासा : नवीन मुलांना शिकवणे हे त्याच्या केआरएमध्ये, म्हणजे त्याला ठरवून दिलेल्या मुख्य जबाबदाऱ्यांत, होते का? नसेल, तर या वर्षी त्यासाठी गुण कापू नयेत. पुढील वर्षाच्या उद्दिष्टांत ते स्पष्ट शब्दांत घालावे, त्यावर त्याची सही घ्यावी आणि मार्चची वाट न पाहता दर तिमाहीला त्याच्याशी त्याविषयी बोलावे.