आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्डवर नवे गेम अडखळतात, कार्ड बदलावं का?

इतक्यात कार्ड विकू नका. तुम्ही लिहिलंय की १४४०पी रिझोल्यूशनवर सरासरी ७० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात, पण नव्या भागात शिरलं की गेम झटका देतो आणि भिंतीवरची पोस्टर्स काही सेकंद धुरकट राहून मग स्पष्ट होतात. चिप कमी पडत असती तर एफपीएस सगळीकडेच खाली आले असते. ही लक्षणं ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी, भरल्याची आहेत.

व्हीरॅम भरली की उरलेला डेटा साध्या रॅममध्ये जातो. ३०७० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते. रॅमकडून मात्र पीसीआयई ४.० च्या (कार्डला मदरबोर्डशी जोडणाऱ्या) वाटेने, तीही १६ लेनची असेल तर, जेमतेम ३२ जीबी येतात. म्हणजे १ जीबी आणायला साधारण ३१ मिलिसेकंद, आणि ६० एफपीएसला एका फ्रेमसाठी हाताशी असतात १६.७!

खात्री करायला गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) पान उघडा. डेडिकेटेड मेमरी (व्हीरॅम) काठोकाठ आणि झटका बसताना शेअर्ड मेमरीचा (साध्या रॅमचा) आकडा चढतोय, असं दिसलं तर दुखणं हेच.

माझ्या ८ जीबीच्या कार्डवर एका गेममध्ये बाजारपेठेत शिरताना फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेची) रेघ दर काही पावलांनी ९० मिलिसेकंदांपर्यंत उडायची. फक्त टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) अल्ट्रावरून हायवर आणलं. सरासरी एफपीएस जवळपास तेवढेच राहिले, पण रेघ सपाट झाली आणि चित्रातला फरक मला शोधूनही सापडला नाही. म्हणून पहिला हात टेक्स्चरलाच घाला. मग रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सेटिंग) बंद करून बघा, तेही बरीच मेमरी खातं. डीएलएसएसवर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून देणाऱ्या तंत्रावर) फार भिस्त ठेवू नका, त्यात टेक्स्चर तेवढेच राहतात. ब्राउझरही बंद करा, तोही व्हीरॅम घेतो.

२०२० मध्ये आलेल्या पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्हींत १६ जीबी सामायिक मेमरी आहे. स्टुडिओंनी जुन्या कन्सोलचा विचार सोडला तशी ८ जीबी अपुरी पडू लागली.

एवढं करूनही बदलायचंच ठरलं, तर पुन्हा ८ जीबीचं कार्ड घेऊ नका. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० टीआय कार्डमध्ये चिप तीच, पण ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार आहेत. गेम ८ मध्ये मावतो तोवर दोन्हींचे आकडे जवळपास सारखे येतात, तो मावेनासा झाला की ८ वालं अडखळतं आणि १६ वालं चालत राहतं.