पेठेची तालीम सोडताना: सतराव्या वर्षी केलेली सही खेळाडूला कितपत बांधते?

प्रश्न: मी वीस वर्षांचा असून कोल्हापुरात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकतो. बाराव्या वर्षापासून मी आमच्या पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळत आहे. माझे वय सतरा वर्षे दोन महिने असताना तालमीने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर पाच वर्षांचा करार लिहून घेतला आणि त्यावर वडिलांचीही सही घेतली. तालमीच्या लेखी ना-हरकतीशिवाय दुसऱ्या संघाकडून खेळायचे नाही, खेळल्यास तीन लाख रुपये भरायचे आणि करार संपल्यावरही दोन वर्षे अमुक एका तालमीकडून खेळायचे नाही, अशा अटी त्यात आहेत. यंदाच्या हंगामाआधी मला चाळीस हजार रुपये मिळाले व ‘मूळ कराराप्रमाणे चालू हंगामाचे मानधन मिळाले’ अशी पावती मी लिहून दिली. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्चही तालमीने वर्गणी काढून केला. आता करारात जिचे नाव आहे त्याच तालमीने मला दीड लाख रुपये आणि नोकरी देऊ केली आहे. मात्र हंगामातील उरलेल्या दोन नॉकआउट स्पर्धांपासूनच खेळायला या, कागदाचे नंतर पाहू, असे त्यांचे म्हणणे आहे. माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मूळ गुणपत्रिका आमच्या तालमीच्या कपाटात आहे. ‘पेठेत राहायचे आहे ना?’ असे निरोप घरी येतात, आणि महाविद्यालयाच्या संघातूनही नाव काढायला लावू, असे काहीजण म्हणतात. मी जाऊ शकतो का?

उत्तर: तुम्ही जाऊ शकता, परंतु आज नव्हे. पाच वर्षांचा करार तुम्हाला रोखू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चाळीस हजारांची पावती मात्र या हंगामापुरती तुम्हाला रोखू शकते. तुमच्या पत्रात या दोन कागदांची सरमिसळ झाली आहे, आणि दोन्ही तालमींचे लोकही ती आपापल्या सोयीने करत आहेत. म्हणून दोन्ही कागद वेगवेगळे वाचू.

आधी स्टॅम्प पेपर. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ११ नुसार करार करण्यास सज्ञान व्यक्तीच पात्र असते, आणि सज्ञानतेचे वय १८७५ च्या कायद्याने अठरा ठरवले आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी नसल्यासारखा, असतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात ठरवले आणि आपली न्यायालये आजही तेच मानतात. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, त्यावर नोटरीचा शिक्का असो वा नसो, शून्य करारात त्याने जीव येत नाही. स्टॅम्प हा सरकारला भरलेला कर आहे. तो कराराच्या वैधतेचा दाखला नव्हे.

वडिलांनी अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून सही केली आहे, तेव्हा करार पक्का झाला, असे तालमीकडून सांगितले जाईल. मिळकतीच्या काही व्यवहारांत पालकाच्या सहीला वजन असते, हे खरे आहे. परंतु मुलाने स्वतःच्या अंगाने करायच्या कामाचा, म्हणजे नोकरीचा, अभिनयाचा किंवा खेळाचा करार पालकाने त्याच्या वतीने केला, तर काय होते याचा निवाडा आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात केला असून तो १९४९ च्या निवाडा-संग्रहात आहे. एका अज्ञान मुलीला चित्रपटात काम देण्याचा करार तिच्या वडिलांनी निर्मात्याशी केला होता. अज्ञान मुलीने काम करण्याचे दिलेले वचन कायद्याच्या दृष्टीने मोबदला ठरू शकत नाही, म्हणून तो करारच उभा राहत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा नियम दुधारी आहे, हेही ध्यानात ठेवा: त्या खटल्यात दाद मागायला ती मुलगीच आली होती आणि तिलाच रिकाम्या हाताने परतावे लागले. म्हणजे त्या स्टॅम्प पेपरात तालमीने तुम्हाला काही देण्याचे कबूल केले असेल, तर तेही तुम्हाला त्या कागदाच्या आधारे मागता येणार नाही.

तुम्ही अठरा पूर्ण झाल्यावरही त्याच तालमीकडून खेळत राहिलात, याचा अर्थ तुम्ही करार मान्य केला असा काढता येत नाही. जे मुळातच शून्य आहे त्याला सज्ञान झाल्यावर मान्यता देऊन जिवंत करता येत नाही. त्यासाठी नवा मोबदला घेऊन नवा करारच करावा लागतो. आणि इथेच तुमची पावती आडवी येते.

पावती लिहिताना तुम्ही सज्ञान होता, पैसे प्रत्यक्ष मिळाले आणि ते कशासाठी मिळाले हेही तुम्ही लिहून दिले. हा एक स्वतंत्र, वैध करार आहे. ‘मूळ कराराप्रमाणे’ या दोन शब्दांवर तालमीचा वकील सारा भर देईल आणि म्हणेल की पाच वर्षांच्या सर्व अटी तुम्ही सज्ञानपणी पुन्हा स्वीकारल्या. मला हा युक्तिवाद पटत नाही, कारण चाळीस हजार रुपये ‘चालू हंगामाचे’ म्हणून दिलेले आहेत, आणि एका हंगामाच्या मानधनाच्या मोबदल्यात उरलेली वर्षे व तीन लाखांची जबाबदारी कोणी स्वीकारली, असे मानायला त्या ओळीत आधार नाही. परंतु निदान या हंगामात दुसरीकडून खेळणार नाही एवढे तरी त्यातून निघते, असे एखाद्या न्यायाधीशाला वाटले, तर मला नवल वाटणार नाही. कराराच्या मुदतीत दुसऱ्याकडे काम न करण्याची अट सहसा वैध असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली निरंजन शंकर गोलिकरी यांच्या खटल्यात म्हटले आहे. तुम्हाला मैदानावर उतरून खेळायला कोणतेही न्यायालय भाग पाडू शकत नाही, कारण व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) १९६३ च्या कलम १४ ने वर्ज्य केली आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ४२ नुसार, मुदत संपेपर्यंत दुसऱ्या संघाकडून खेळू नये असा मनाई हुकूम निघू शकतो.

म्हणून माझा सल्ला आहे की उरलेल्या दोन स्पर्धा तुम्ही आपल्या तालमीकडूनच खेळाव्यात. गुडघा साथ देत नसेल तर डॉक्टरांचा दाखला देऊन बाहेर बसावे, पण दुसरी जर्सी घालू नये. ‘आधी खेळा, कागद नंतर’ असे सांगणाऱ्यांना तुमची काळजी नाही, त्यांना चषक हवा आहे. खेळाडूची नोंदणी एका वेळी एकाच संघाकडे असते, हा फिफापासून खाली चालत आलेला नियम आहे, आणि दुसरीकडे नोंदणी असलेला खेळाडू उतरवला तर संघावर सामना गमावण्याची आणि खेळाडूवर निलंबनाची पाळी येऊ शकते. एका हंगामाच्या घाईपायी पुढचा हंगाम घालवू नका.

सज्ञान खेळाडूने वैध करार मध्येच मोडून थेट प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची किंमत केवढी असू शकते, हे २०२४ साली अन्वर अली याच्या प्रकरणात साऱ्या देशाने पाहिले. मोहन बागानशी असलेला चार वर्षांचा उसनवारीचा करार मोडून तो ईस्ट बंगालमध्ये गेला, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याला चार महिन्यांची बंदी घातली. शिवाय तो, त्याचा मूळचा दिल्ली एफसी हा क्लब आणि ईस्ट बंगाल यांनी मिळून १२.९० कोटी रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिल्यावर तो आदेश मागे घेऊन पुन्हा सुनावणी घेण्यात आली. तुमचे प्रकरण त्या आकाराचे नाही, पण तत्त्व तेच आहे.

करार संपल्यावरची दोन वर्षांची बंदी मात्र तुम्ही मनातून काढून टाका. ती अट सज्ञान माणसाने लिहून दिली असती तरी टिकली नसती, कारण करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य असतो. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खान याच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीशी झालेला करार २००३ साली संपला, तरी करारातील एका अटीच्या जोरावर कंपनी त्याला दुसऱ्याशी करार करण्यापासून अडवू पाहत होती. मुदत संपल्यानंतरचे असे बंधन कलम २७ नुसार शून्य ठरते, असा निकाल २००६ साली लागला आणि तो आजही कायम आहे.

तीन लाखांची धमकीही मला पोकळ वाटते. मूळ करार शून्य, तेव्हा त्यातला दंडही शून्य. आणि पावतीच्या आधारे ती अट कशीबशी जिवंत केली, तरी कलम ७४ खाली करारात लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते. न्यायालय वाजवी भरपाईच देते, आणि नुकसान झालेच नसेल तर तीही देत नाही, हे २०१५ च्या कैलाश नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नीट समजावून सांगितले आहे. इथे एक सावधगिरीची सूचना देतो. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली, आणि तो निकाल तुमच्यापुढे धरला जाईल. तिथला कर्मचारी सज्ञान होता, त्याने जाणून सही केली होती, आणि नवी भरती करण्याचा बँकेचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला होता. तुमच्या वाट्याला यांपैकी काहीही आलेले नाही.

शस्त्रक्रियेच्या पैशांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्रात तीच गोष्ट तुम्ही सर्वांत संकोचाने मांडली आहे. दुसऱ्यासाठी काही केले आणि ते फुकट करण्याचा हेतू नव्हता, तर करार अधिनियमाच्या कलम ७० खाली मोबदला मागता येतो. पण तो हेतू दाखवण्याचा भार मागणाऱ्यावर असतो. पेठेने घरोघरी वर्गणी काढली, कोणी कर्ज म्हणून लिहून घेतले नाही, परतफेडीचा शब्दही कधी निघाला नाही. अशा मदतीला न्यायालय देणगीच मानेल. म्हणून ‘परत करीन’ असे आता दडपणाखाली कोणालाही लिहून देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवरही नाही, कारण असा एक संदेशही तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो. मात्र हंगाम संपल्यावर तालमीला जे पत्र द्याल, त्यात त्या मदतीचा उल्लेख करून मनापासून आभार माना. त्या वर्गणीत ज्या आयाबायांनी पन्नास-शंभर रुपये घातले, त्यांना ते ऐकण्याचा हक्क आहे, आणि आभार मानल्याने कायद्यात तुमची बाजू तसूभरही कमजोर होत नाही.

हे पत्र कसे असावे तेही सांगतो. शेवटचा सामना झाल्यावर, पण पुढील हंगामाची नोंदणी सुरू होण्यापूर्वी, तालमीच्या अध्यक्ष आणि सचिवांच्या नावे स्पीड पोस्टाने ते पाठवा. पुढील हंगामात मी आपल्या संघाकडून खेळणार नाही, अज्ञान असताना केलेला करार माझ्यावर बंधनकारक नाही, आणि माझी मूळ कागदपत्रे पंधरा दिवसांत परत द्यावीत, एवढेच त्यात लिहा. त्याची एक प्रत कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला द्या, आणि नोंदणीचे व संघबदलाचे चालू नियम व अंतिम तारखा लेखी मागून घ्या. ना-हरकतीची गरज नियमात असेल आणि तालीम ती अडवून धरत असेल, तर तक्रार आधी असोसिएशनकडेच करावी लागेल. करार शून्य आहे म्हणून नोंदणीची तारीख उलटून चालत नाही. तारीख चुकवलेल्या खेळाडूला न्यायालयही सहसा मदत करत नाही.

दाखला आणि गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा तालमीला कोणताही अधिकार नाही. करार अधिनियमाच्या कलम १७१ मधील धारणाधिकार, म्हणजे येणे वसूल होईपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क, बँका, वकील अशा मोजक्या वर्गांनाच असतो, आणि तालीम त्यांत येत नाही. पत्रानंतरही कागद मिळाले नाहीत, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीत नेता येते; तिथे कोर्ट फी लागत नाही आणि तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. एकाच गावात राहणाऱ्या माणसांसाठी मला तो मार्ग दाव्यापेक्षा बरा वाटतो. तिथेही जमले नाही, तर दिवाणी न्यायालय आहेच.

नव्या तालमीशी बोलताना हीच काळजी उलट्या दिशेने घ्या. दीड लाख कधी आणि कोणत्या टप्प्यांत मिळणार, करार किती हंगामांचा, दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि तुम्हाला बाहेर पडायचे असल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, हे सारे लेखी असू द्या आणि पैसे बँकेतूनच घ्या. नोकरीचे आश्वासन नियुक्तिपत्राशिवाय हिशेबात धरू नका. सही करण्याआधी तो कागद एखाद्या वकिलाला दाखवा.

घरी येणारे निरोप हलक्यात घेऊ नका, पण त्यांना उत्तरही देऊ नका. संदेश आणि ध्वनिफिती जपून ठेवा, कोण केव्हा काय म्हणाले ते तारखेसह लिहून ठेवा. जिवाला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खालील गुन्हा आहे. साध्या धमकीची पोलीस अदखलपात्र म्हणून नोंद करतात, आणि पुढे काही घडले तर तीच नोंद कामी येते. तुमच्याकडूनही समाजमाध्यमांवर स्टेटस, जर्सीचे फोटो, टोमणे यांतले काहीही जाऊ देऊ नका.

महाविद्यालयाच्या संघाशी तालमीचा कायद्याने काहीही संबंध नाही. तिथली निवड महाविद्यालय आणि विद्यापीठाच्या नियमांनी होते, आणि बाहेरच्या मंडळाच्या सांगण्यावरून कोणाचे नाव कापले गेले, तर प्राचार्यांकडे कारण लेखी मागता येते. तुमच्या क्रीडा संचालकांना ही परिस्थिती आत्ताच भेटून सांगा, आणि निवड चाचणीच्या दिवशी नेहमीसारखे मैदानावर हजर राहा.